अण्णांच्या वहीतले सहा दिवस

२०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. ती बातमी वाचली आणि कपाटातून अण्णांची, माझ्या वडिलांची, दोनशे पानी वही काढून बसले. वहीवर अण्णांच्या अक्षरात 'गाडी' एवढंच लिहिलंय. आत पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, किमी, पेट्रोल, ऑइल, शेरा. पहिल्याच पानावर मे १९९४ मधली आमची तुळजापूरची वारी आहे.

गाडी १९७८ची पद्मिनी. रंग दुधावरच्या सायीसारखा, डावीकडचा मागचा दरवाजा मात्र बदललेला, म्हणून थोडा पिवळट. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली ही गाडी. एका साहेबांची परभणीहून बदली झाली तेव्हा अण्णांनी ती २८,००० रुपयांना घेतली. अण्णा कृषी विद्यापीठात कारकून. भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन गाडी घेणारा कारकून तेव्हा आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. त्यातही अण्णांना गाडी चालवता येत नव्हती आणि ती ते कधी चालवणारही नव्हते. लहानपणी त्यांचा डावा डोळा गेला होता. 'एका डोळ्यावर दुसऱ्याचा जीव टांगायचा नाही,' असं ते म्हणत. गाडी घेतली ती आजीसाठी. तिचे गुडघे गेले होते, इष्टीची पायरी चढणं होत नव्हतं, आणि तुळजापूरचा एक नवस चौदा वर्षं तसाच राहिला होता.

चालवणार कोण, हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नाही. भाऊ बारा वर्षांचा. मला फेब्रुवारीत अठरा पूर्ण झाली होती. अण्णा एवढंच म्हणाले, "चाचांकडं उद्यापासून जायचं. पहाटे पाचला."

चाचा म्हणजे आमच्या गल्लीतले एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. विद्यापीठाच्या शेतांमधल्या सरळ, रिकाम्या रस्त्यांवर त्यांनी मला शिकवलं. पहिले तीन दिवस गाडी चालूच करू दिली नाही. बॉनेट उघडून इंजिनाशेजारी उभं केलं आणि म्हणाले, "बेटा, पहले सुन. गाडी पहले बोलती, बाद में बंद पडती." फॅन बेल्टचा आवाज कुठला, टॅपेटचा कुठला, एक प्लग काम करत नसला की चाल कशी लंगडते, हे मी कानानं शिकले. स्टिअरिंगखालचा गिअर मग हातात आला. पहिला गिअर गाडी पुरती थांबल्याशिवाय टाकायचा नाही, टाकला तर सगळ्या गल्लीला कळतं. एप्रिलमध्ये आरटीओत परीक्षा झाली. गाडी मागे घेऊन दाखवली. पक्कं लायसन्स मिळालं.

शनिवार, १४ मे. परभणी ते अंबाजोगाई. किमी ६१,४८२.

पहाटे साडेपाचला निघालो. पुढच्या एकसंध सीटवर मी, मध्ये भाऊ, डाव्या खिडकीशी अण्णा. मागे आजी आणि आई. पुढच्या बंपरला पाण्याची छागल टांगलेली. डिकीत वळकट्या, स्टोव्ह, आणि दोन दिवस टिकतील असे धपाटे. आजीनं गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. ते फुटल्याचा आवाजही आला नाही, पण आजी मागून म्हणाली, "फुटलं. चल आता."

गल्लीतून बाहेर पडताच अण्णांचं बोलणं सुरू झालं. "डावीकडं सायकल." "पुढं बैलगाडी." "खड्डा." "म्हैस बघ." त्यांना डावीकडचं दिसत नसे, म्हणून सबंध मान वळवून ते पाहत, मग रस्त्याकडं पाहत, मग पुन्हा मान वळवत. गंगाखेडपर्यंतच्या चाळीस किलोमीटरमध्ये त्यांनी एक कोंबडीसुद्धा सांगायची सोडली नाही. मला त्याचा त्रास व्हायचा. एकदा मी म्हणाले, "दिसतंय अण्णा." ते "हौ" म्हणाले आणि पुढच्या क्षणी, "डावीकडं पोरगं."

गंगाखेडला जनाबाईचं गाव म्हणून आजीनं हात जोडले आणि पुलावर गाडी हळू करायला लावली. मे महिन्यात गोदावरी डोहाडोहांत उरलेली असते. आजीनं खिडकीतून नाणं टाकलं. ते पाण्यात पडलं की वाळूत, ते कळलं नाही. "गंगेला पोचलं," ती म्हणाली.

परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या गाव यायच्या कितीतरी आधी दिसतात. भावाला चिमण्यांचंच जास्त कौतुक. वैजनाथाच्या पायऱ्या पाहून आजी खालीच बसली. खालूनच डोकं टेकवलं आणि म्हणाली, "गुडघे तुळजापूरला ठेवायचेत." आम्ही दर्शन घेऊन आलो तोवर साडेदहा झाले होते. तिथं मी चूक केली. चाचांनी बजावलं होतं की घाट असला की ऊन चढायच्या आत काढायचा. मी अकरा वाजता परळीहून अंबाजोगाईचा घाट चढायला घेतला.

बालाघाटाच्या या चढाला कुणी मोठा घाट म्हणणार नाही. पण पाच माणसं, सामान आणि मे महिन्याचं ऊन. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढत होती. दाराच्या पुढची त्रिकोणी काच उघडी होती, त्यातून येणारा वाराही चुलीसमोरचा. अर्ध्या चढावर गाडीनं एक आचका दिला, मग दोन, मग एकदम गप्प. मी हँडब्रेक ओढला, भावानं उडी मारून मागच्या चाकामागं दगड लावला.

अण्णांनी विचारलं, "पेट्रोल संपलं का?"

"नाही. पंप तापला."

हे मी कुणाला न विचारता सांगितलं, त्याचं मलाच नवल वाटलं. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो. इंजिन फार तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ओढतो, वाफ त्याला ओढता येत नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो आणि गाडी थांबते. औषध एकच: पंपावर ओला कपडा आणि धीर. त्या काळी उन्हाळ्यात रस्त्याकडेला बॉनेट वर करून पंपावर फडकं ठेवलेली फियाट दिसणं अगदी रोजचं होतं. आम्ही मात्र फडकं आणायलाच विसरलो होतो.

आजीनं गाठोडं सोडलं. गोधडीसाठी बाजूला ठेवलेलं एक जुनं इरकली लुगडं तिनं सोबत घेतलं होतं, प्रवासात अंथरायला, पांघरायला. त्याचा काठासकटचा हातभर तुकडा तिनं दातानं चिरून टरकन फाडला. मी छागलीच्या पाण्यात तो बुडवून पंपाला गुंडाळला. वाफ निघाली. आम्ही कडुलिंबाच्या पातळ सावलीत बसून धपाटे खाल्ले. एक ट्रक थांबला, ड्रायव्हर खाली उतरला, इंजिनात डोकावला, पाहिलं की कपडा बांधलेला आहे, आणि "बराबर," एवढं म्हणून गेला. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली.

वहीतला शेरा: 'घाटात गाडी तापली. २० मि. थांबलो. उपाय मुलीस ठाऊक होता.'

अंबाजोगाईच्या पेट्रोल पंपावरच्या पोरानं काच ठोठावून मला विचारलं, "ड्रायव्हर कुठं गेला?" आई मागून म्हणाली, "ही काय समोर बसलीय." एरवी परक्या माणसाशी आई असं चढ्या आवाजात बोलत नसे.

रविवार, १५ मे. अंबाजोगाई ते लातूर. किमी ६१,५८०.

सकाळी योगेश्वरीचं दर्शन. मग अण्णांच्या हट्टासाठी मुकुंदराजांच्या समाधीकडं गाडी घेतली. शके १११० म्हणजे ११८८ सालचा 'विवेकसिंधु' ज्यांच्या नावावर आहे, ते मुकुंदराज. अण्णा संध्याकाळी घरी पोथ्याच वाचत. समाधीपाशी ते एकटेच दरीकडं तोंड करून बराच वेळ उभे राहिले. एरवी पाच मिनिटं रिकामा न बसणारा माणूस. मी गाडीत बसून ते पाहत होते. त्यांना तिथं आणता आलं हे मला फार मोठं वाटलं, आजही वाटतं. अंबाजोगाई आमच्या घरापासून शंभर किलोमीटरही नाही, आणि तरी तोवर त्यांनी ती समाधी पाहिलेली नव्हती. इष्टीनं गावाला पोचता येतं, गावाबाहेरच्या अशा ठिकाणी जायचं तर आपलं वाहन लागतं.

दासोपंतांची पासोडीही पाहायची होती. लांबलचक कापडावर लिहिलेला ग्रंथ. पण ऊन चढत होतं आणि कालचा धडा ताजा होता. मीच म्हणाले, "आता निघू या." अण्णांनी घड्याळ पाहिलं आणि मुकाट्यानं गाडीत बसले.

रेणापूरच्या अलीकडं गाडीची चाल लंगडायला लागली. चारातला एक प्लग सुटल्यासारखा आवाज. पंप तापल्याचे आचके वेगळे, हे वेगळं. रेटत रेटत लातूर गाठलं आणि पहिलं दिसलं ते गॅरेज. मेकॅनिकनं हात पुसत अण्णांना विचारलं, "काय तक्रार आहे?"

अण्णा म्हणाले, "तिला विचारा. गाडी ती चालवते."

मी सांगितलं: तिसऱ्या गिअरमध्ये दम खाते, सुरुवातीला नाही, दहा-पंधरा मिनिटांनी. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं. आतले वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट जळाले होते. पॉलिश पेपरनं घासले, फट बसवली, गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली. पैसे त्यानं माझ्या हातातून घेतले.

आत्याचं घर गंजगोलाईच्या पलीकडं. ज्यांनी गोलाई पाहिली नाही त्यांना सांगते: मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल बाजार, आणि त्या गोलातून फुटणारे सोळा रस्ते. सराफ एकीकडं, भुसार दुसरीकडं, कापड तिसरीकडं. परभणीच्या रिकाम्या रस्त्यांवर शिकलेल्या मला चारी बाजूंनी सायकली, हातगाड्या, रिक्षा, बैल. अण्णांना आत्याच्या घराची खूण आठवत होती ती एका पितळी भांड्यांच्या दुकानाची, आणि तसली दुकानं तिथं ओळीनं. आम्ही गोलाईला तीन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीला माझे हात थरथरायचे थांबले होते. गर्दीत गाडी चालवायला मी नेमकी तिथं शिकले.

सोमवार, १६ मे. लातूर, औसा, किल्लारी, नळदुर्ग, तुळजापूर. किमी ६१,६४६.

या दिवसाचा शेरा वहीत सगळ्यात छोटा आहे: 'भेट झाली.'

आजीची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यात दिलेली. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक उशिरा निजले होते. किल्लारीचा तो भूकंप महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्या भागातली जुनी घरं दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंतींची, वर लाकूड आणि मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात अशा घरात इतका गारवा असतो की माठातल्या पाण्याचं कौतुक वाटू नये. ती भिंत जोवर उभी तोवर सावली. पण दगड मातीतच बसवलेले, त्यांना धरून ठेवणारं आत काही नाही. जमीन हलली आणि सगळा भार निजलेल्या माणसांवर आला. मावशीआजीचा नवरा आणि मोठा मुलगा गेले. ती आणि धाकटी सून बाहेर अंगणात निजल्या होत्या, म्हणून राहिल्या.

आठ महिन्यांत आजीला तिला भेटता आलं नव्हतं. अण्णा दोनदा जाऊन आले होते. गाडी घेण्यामागं तुळजापूर होतंच, पण हे जास्त होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

औसा ओलांडलं, भुईकोट किल्ल्याची तटबंदी मागे पडली, आणि गाडीत कुणीच बोलेना. अण्णासुद्धा नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी नांगरट, मध्येच एखादा फुललेला गुलमोहर. मग पत्र्याच्या शेडच्या ओळी सुरू झाल्या. उन्हात त्या ओळी इतक्या चमकत होत्या की मला डोळे बारीक करून चालवावं लागलं. पक्की घरं अजून व्हायची होती. लोक तात्पुरत्या शेडमध्येच राहत होते.

मावशीआजी ओळीच्या टोकाला पायरीवर बसलेली दिसली. आजी गाडीतून उतरायला लागली, तिचा गुडघा अडला, आणि बहीणच धावत आली. दोघी दारातच एकमेकींना धरून राहिल्या, आजी अर्धी सीटवर, अर्धी बाहेर. त्यांच्या रडण्याला आवाज नव्हता. मी स्टिअरिंग धरून समोर बघत बसले. इंजिन बंद करायचं मला सुचलं नाही, ते तसंच चालू राहिलं.

शेडमध्ये दुपारी बसवत नव्हतं. पत्रा तव्यासारखा तापलेला. आई म्हणाली, "मावशी, इथं कसं काढता दिवस?"

"पत्रा हाय," मावशीआजी म्हणाली. "पडला तरी डोस्कं फुटंल. जीव जायाचा न्हाई."

जेवताना तिनं विचारलं, "गाडी कुणी आणली?" आजीनं माझ्याकडं बोट केलं. मावशीआजी माझ्याजवळ सरकली, माझा उजवा तळहात उलटा-सुलटा करून पाहिला, आणि मग म्हणाली, "मला गावाकडं नेशील का?"

गाव म्हणजे जुनं गावठाण, कोसभर पलीकडं. सून म्हणाली, "गाव पडल्यापास्नं त्या तिकडं गेल्या न्हाईत." पाणी घालायला मी बॉनेट उघडलं. रेडिएटर भरला, पंपावरचा कपडा सोडून पुन्हा भिजवायला घेतला. मावशीआजी शेजारी उभी होती. तिनं तो तुकडा माझ्या हातातून घेतला, काळं तेल आणि पेट्रोलचा वास लागलेला, आणि काठावरून बोट फिरवलं.

"अक्का, हे मी घेतल्यालं."

आजीला आठवेना. मावशीआजीला आठवत होतं. अण्णांच्या लग्नात तिनं थोरल्या बहिणीला केलेला आहेर, इरकलीचं लुगडं. तिच्या स्वतःच्या पेटीत तसंच एक होतं, एकाच वेळी घेतलेलं. पेटी दगडांखाली. आजी ओशाळली. "मला ठावं नव्हतं गं, मी फाडलं."

"बरं झालं की. काठ अजून तसंच हाईत."

ती शेडमध्ये गेली. मदतीत ट्रक भरभरून कपडे आले होते, कुठून कुठून पाठवलेले, त्यातलं एक मोठ्या निळ्या फुलांचं जाड कापड घेऊन आली. तिनंच ते फाडलं, भिजवलं आणि मला दिलं. "हे बांध." लुगड्याचा तुकडा तिनं धुतला नाही. तसाच घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला.

मी दोघी बहिणींना आणि अण्णांना घेऊन गावठाणाकडं गेले. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगानं. रस्ता असा नव्हताच, ढिगांच्या मधून लोकांनी चालून केलेली वाट. मावशीआजी पुढं माझ्या शेजारी. ती काच खाली करून सांगत होती: हे देऊळ, हा कुंभारवाडा, ही पाटलाची वेस. मला सगळीकडं दगडच दिसत होते. मग म्हणाली, "थांब." समोर एक उंबरा होता. चौकट गेलेली, उंबरा जागच्या जागी, त्याच्यावर हळदीचा जुना डाग. मी दार उघडायला हात घातला. तिनं मान हलवली. ती उतरली नाही. किती वेळ गेला माहीत नाही. इंजिन तापायला लागलं होतं, मला ते ऐकू येत होतं, पण मी काही बोलले नाही.

"चल लेकरा," ती शेवटी म्हणाली.

गाडी मागे घ्यावी लागली, वळवायला जागा नव्हती. अण्णा मागच्या सीटवरून मान वळवून बघत होते, पण काही सांगत नव्हते. मी काचेतून डोकं बाहेर काढून, दोन्ही बाजूंचे ढिग राखत, दोनशे पावलं उलटी आणली. आरटीओत मागे घेतलेली गाडी आणि ही, यांत काही साम्य नव्हतं.

निघायला चार वाजले. नळदुर्गचा किल्ला भावाला दाखवायचा ठरला होता. बोरी नदीवरचा पाणीमहाल, धरणाच्या भिंतीतच बांधलेला. आम्ही पाहिला, पण मे महिन्यात वरून पडणारं पाणी नसतं, आणि मन आमचं कुणाचंच तिथं नव्हतं. अंधार पडता पडता तुळजापूर.

मंगळवार, १७ मे. तुळजापूर. किमी ६१,७७७.

मंगळवार, देवीचा वार. गर्दी पहाटेपासूनच. तुळजापूरचं देऊळ रस्त्यापासून खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. महाद्वारातून आत जाताना मी आजीचा हात धरायला गेले, तिनं तो काढून घेतला. कठड्याला धरत, एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकत ती एकटी उतरली. कल्लोळात हातपाय धुतले. 'आई राजा उदो उदो' चाललेला. नवस काय होता ते तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं: अण्णांचा उजवा डोळा राहू दे. चौदा वर्षांपूर्वी त्या डोळ्यालाही काही झालं होतं आणि बरं झालं होतं, हे आम्हा पोरांना ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी तिनं कवड्याची माळ आणली आणि आरशाला बांधली. दिवसभर गाडी जागची हलली नाही.

बुधवार, १८ मे. तुळजापूर ते बीड.

पहाटे चारला निघालो, ऊन चढायच्या आत शक्य तेवढं अंतर मागं टाकायचं म्हणून. धाराशिवला उजाडलं. येरमाळ्याला येडेश्वरीला गाडीतूनच हात जोडले. हा सोलापूर-धुळे महामार्ग, ट्रकच ट्रक. डांबर एका ट्रकपुरतं, समोरून कुणी आलं की एक चाक साइडपट्टीवर उतरवायचं. साइडपट्टी कधी विटेएवढी खोल. कुणी उतरायचं हे दोघांनी लांबूनच ओळखायचं असतं, आणि ट्रकवाल्यानं दिवा दाखवला की तो उतरणार नाही. दोन दिवसांपूर्वी अण्णा यातला प्रत्येक ट्रक सांगत बसले असते.

चौसाळ्याच्या पुढं मला जाणवलं की बराच वेळ 'डावीकडं' ऐकलेलं नाही. पाहिलं तर अण्णा झोपले होते. डोकं खिडकीला, तोंड थोडं उघडं, टोपी मांडीवर. भाऊ त्यांच्या खांद्यावर. मागे आई आणि आजीही झोपलेल्या. सबंध गाडीत जागी मी एकटी.

मांजरसुंब्याला चौकात क्षणभर वाटलं की त्यांना उठवावं. पुढं घाटाची उतरण, आणि पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पायाखाली सतत दाबून धरले की तापतात आणि मग लागत नाहीत. चाचांचं सूत्र: ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. मी थांबले नाही. माथ्यावरच दुसरा टाकला. इंजिन घुमायला लागलं, त्यानं गाडीला धरून ठेवलं. ब्रेकवर पाय नुसता टेकवलेला, वळणाच्या आधी हलकेच दाबायचा आणि सोडायचा. मागून एक ट्रक हॉर्न देत होता. मी वेग वाढवला नाही. वळण आलं की कवड्याची माळ एका अंगाला जायची, सरळ झालं की परत मध्ये यायची. आवाज एकसारखा होता. त्या आवाजावर विश्वास ठेवून मी घाट उतरले.

खाली पालीच्या पुढं अण्णांना जाग आली. टोपी घातली, मान वळवून बाहेर पाहिलं.

"घाट आला का गं?"

"गेला."

ते काही बोलले नाहीत. बीड येईपर्यंत त्यांनी रस्त्यावरचं काहीही सांगितलं नाही.

बीडला ओळखीच्यांकडं उतरलो. पाण्यातलं कंकालेश्वराचं देऊळ आईनं पाहिलं, मी दुपारभर झोपले. रात्री वीज गेली, त्यामुळं वही लिहायची राहिली.

गुरुवार, १९ मे. बीड, माजलगाव, पाथरी, परभणी. किमी ६१,९११.

घराकडचा रस्ता. माजलगाव मागे पडल्यावर भाऊ मीटरकडं डोळे लावून बसला, कारण ६२,००० जवळ आले होते. गोदावरीवरच्या ढालेगावच्या पुलाच्या थोडं आधी सगळे आकडे एकदम हलले आणि तो ओरडला. पुलावर मी न सांगता गाडी हळू केली. आजीनं या वेळी दोन नाणी टाकली. दुसरं कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही.

दुपारी एकच्या सुमारास परभणी. किमी ६२,०४९. एकूण ५६७ किलोमीटर, ४९ लिटर पेट्रोल. चाचा बाहेर खाटेवर बसले होते. त्यांनी मला नाही, गाडीला आधी पाहिलं. बॉनेट उघडायला लावलं, कान दिला, निळ्या फुलांचा कपडा पाहून म्हणाले, "ये कहां का?" मी सांगितलं. त्यांनी तो सोडून काढला, नीट पिळला आणि परत बांधला. गाडी १९९९ला विकली तोवर तो तिथंच होता.

रात्री अण्णा वही घेऊन बसले. आदल्या दिवसाचा रकाना रिकामा होता. तारीख, किमी, पेट्रोल त्यांनी भरलं. शेऱ्यापाशी आले, थांबले, आणि वही माझ्याकडं सरकवली. "चौसाळा ते पाली मी पाहिलेलं नाही. तू लिही."

सबंध वहीत माझ्या अक्षरातली ती एकच ओळ आहे:

'मांजरसुंबा घाट. दुसरा गिअर. कुठं थांबले नाही.'